लांबच्या पाड्यांचे आवाज

वेस्तादादा लॅपटॉप खताच्या गोणीत घालून आणायचे. आधी गोधडीचा तुकडा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि सगळ्यात बाहेर युरियाची रिकामी गोणी, तोंड सुतळीने आवळलेलं. धडगावच्या एसटीतून उतरून ते शहाद्याच्या स्टँडवरून चालत येत, तेव्हा बघणाऱ्याला वाटावं, माणूस मका दळायला निघालाय. मी नवी होते, शहाणपणा शिकवायची हौस होती. म्हटलं, दादा, एक चांगली बॅग घ्या ना. ते म्हणाले, "ताई, बॅग दिसली की लोक विचारतात आत काय आहे. गोणीला कुणी विचारत नाही." पुढच्या चार वर्षांत त्यांच्यासमोर माझी बोलती बंद होण्याचे प्रसंग बरेच आले. बाकीचे आठवून हसू येतं, एक मात्र अजून छातीत रुतून बसलाय.

शहाद्यात तेव्हा आमची एक लहानशी संस्था होती. आता ती नाही, म्हणून नाव राहू दे. सातपुड्यातल्या पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांची बोली रेकॉर्ड करायची, एवढंच काम. सपाटीवरून डोंगरातल्या शाळेत गेलेल्या मास्तरांना पोरांची भाषा कळावी, हा हेतू. संस्था चालवायचे नाना. ते निवृत्त मुख्याध्यापक, स्वभावाने गरम, पण दुपारी जेवून झोपले की उठताना थंड. वेस्तादादा काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्याचे, बी.ए. झालेले. पाड्यापाड्यांवर पायी हिंडून रेकॉर्डिंग ते करायचे. मी शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीची, कॉम्प्युटर शिकून नुकतीच बाहेर पडलेली. दादांनी आणलेले आवाज त्यांच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये नीट पोचवणं हे माझं काम. त्यासाठी मी एक प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबलं की तो सगळ्या फाइली तिकडे कॉपी करायचा आणि मग लॅपटॉप रिकामा करायचा, म्हणजे दादांना पुढच्या फेरीला जागा मिळायची.

दादा दिसायला किरकोळ. पण उभे राहिले की जागा सोडायचे नाहीत. आमच्या ऑफिसच्या चाकं असलेल्या खुर्चीवर ते चार वर्षांत एकदाही बसले नाहीत. "ती आपल्याला न विचारता फिरते," म्हणायचे. टेबलाशी उभं राहून, दोन्ही हात मागे बांधून ते पडद्याकडे बघत राहायचे. फाइली जाऊन झाल्या की दर वेळी एकच प्रश्न विचारायचे, "पोचलं का?" मी पडद्याकडे बघून म्हणायचे, "हो." मग ते गोणीची घडी घालायचे आणि पाणी प्यायला जायचे.

हा प्रश्न ते उगीच विचारत नव्हते. दर दारात ते शब्द देऊन यायचे. "आमच्याकडे लोक येतात, विचारतात, लिहून नेतात," त्यांनी मला एकदा सांगितलं. "रक्त नेतात, फोटो नेतात, अंगठा नेतात. नेलेलं कुठे जातं ते कुणी सांगत नाही. मी सांगून येतो. तुमचा आवाज शहाद्याला आहे, बाजाराला आलात की या, ऐकायला मिळेल. मी खोटा पडलो तर पुढच्या पाड्यावर मला कुणी बसायला पाट देणार नाही." आणि लोक यायचे. बाजाराच्या दिवशी पिशव्या दाराशी ठेवून जमिनीवर बसायचे. दादा फाईल लावायचे. आपलाच आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला की म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसत, आणि म्हातारे एकदम ताठ बसत. त्या दिवशी ऑफिसभर मेथीचा आणि सुक्या मासळीचा वास असायचा. नाना उदबत्ती लावायचे, कुणाला काही बोलायचे नाहीत.

आमचं पहिलं भांडण झालं ते फोल्डरवरून. मी सुटसुटीत आकडे सुचवले होते, पी शून्य एक, पी शून्य दोन. दादांनी मान हलवली. "उद्या त्या घरी जायचं झालं तर वाटेत काय विचारणार? पी शून्य एक कुठे राहतो?" डोंगरात गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नसते. एका गावाचे दहा-बारा पाडे, पाड्याची घरं टेकडी-टेकडीवर, आणि घर सांगायचं तर नाला, चढ, महूचं झाड सगळं सांगावं लागतं. दादांना तो पत्ता तसाच हवा होता. तालुका, त्यात गाव, त्यात पाडा, त्यात नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, त्यात कुणाचं घर, त्यात माणूस बापाच्या नावासकट, आणि शेवटी त्याने काय सांगितलं ते. एकात एक फोल्डर. मी वैतागून म्हटलं, "दादा, यात कोंबड्याचं नाव राहिलं."

ते गंभीरपणे म्हणाले, "कोंबडा विकला त्यांनी."

नानांचं वेगळंच. शेअर्ड फोल्डरला मी 'आवाज' असं नाव दिलं होतं, ते त्यांना अपुरं वाटलं. "रजिष्टरमा जे नाव शे तेच टाक, बेटी. अर्धं नाव टाकं त लोके काय म्हनतीन?" म्हणून संस्थेचं नोंदणीतलं अख्खं नाव, उपक्रमाचं नाव आणि वर्ष, एवढी माळ फोल्डरच्या गळ्यात पडली. मीही हात जोडले आणि तेच नाव दिलं.

सुरुवातीचे दोन-तीन महिने प्रोग्राम रोज कुठेतरी अडकायचा आणि लाल अक्षरं दाखवायचा. दादांनी त्या लाल अक्षरांसाठी एक वही केली होती. इंग्रजी ओळ जशीच्या तशी उतरवायची आणि समोर तिचा अर्थ त्यांच्या शब्दांत. परवानगी नाही अशी ओळ आली, तर समोर लिहिलेलं, घर आहे पण दार लावलंय. फाईल दुसरीकडे उघडी आहे, म्हणजे माणूस कामात आहे, ओट्यावर बस. नेटवर्कचा मार्ग सापडत नाही, म्हणजे वाट मोडली. वाट बहुतेक वेळा झाडलोट करणाऱ्या मावशींच्या हातून मोडायची, कारण वायर नेमकी त्यांच्या झाडूच्या वाटेत होती.

एकदा मात्र दार काही केल्या उघडेना. मी सकाळपासून प्रोग्रामच्या ओळी उलट्यासुलट्या करून पाहिल्या, नको तिथे राग काढला. दादा मागे उभे. शेवटी म्हणाले, "हा प्रोग्राम कुणाच्या नावाने आत जातो?" म्हटलं, नानांच्या. ते सरळ नानांच्या खोलीत गेले, मीही मागोमाग. नानांनी चष्मा काढला. "मी काहीज नही करं. पासवर्ड तेवढा बदली टाका काल."

"नाना, तेच त करं ना तुम्ही," मी म्हटलं. नाना नवा पासवर्ड मोठ्याने सांगायला लागले तेव्हा दादांनी जाऊन खिडकी लावून घेतली.

मग एक दिवस बाहेरगावचे पाहुणे काम बघायला आले, आणि भर खोलीत माझा प्रोग्राम लाल अक्षरं दाखवून मधेच थांबला. माझा चेहरा उतरला. जेवणाच्या सुट्टीत मी घाईघाईने एक ओळ घातली. एखादी फाईल अडली तर काही बोलू नको, सोड आणि पुढची घे, असा तिचा अर्थ. आणि सगळ्यात शेवटी, काहीही झालं तरी पडद्यावर 'काम पूर्ण' असं लिही. पाहुणे खूश होऊन गेले. ते गेले की ओळ काढून टाकायची असं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. त्यानंतर दादांच्या वहीत नवीन ओळ चढली नाही. ते मी माझ्या हुशारीच्या खात्यात धरलं. दादा विचारत राहिले, पोचलं का, आणि मी म्हणत राहिले, हो.

वर्ष झालं असेल. बाजाराचा दिवस नव्हता, तरी सकाळी एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. कमरेला लंगोटी, अंगात धुतलेला सदरा, हातात वालाच्या शेंगांचं गाठोडं. खात्र्याबाबा. नर्मदेच्या अंगाच्या अगदी टोकाच्या पाड्यावरचे. आदल्या दिवशी दिवसभर चालले होते, मग धडगावहून एसटी. दादांनी त्यांना आत बसवलं, त्यांच्या बोलीत काही बोलले आणि मला म्हणाले, "यांची बायको भुरीबाय. मागच्या साली मी तिचं रेकॉर्डिंग आणलं होतं, बियाणं राखेत कसं राखायचं ते. थंडीत ती गेली. आवाज ऐकायला आलेत."

मी फोल्डर उघडला. तालुका होता. गाव होतं. पाडा होता. नाल्याच्या पलीकडची बाजूही होती. त्याच्या आत काही नव्हतं. मी म्हटलं, असेल इथेच, शोधते. दुपारपर्यंत शोधलं. खात्र्याबाबा भिंतीला टेकून बसले होते. मधून मधून ते पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत. संध्याकाळी दादा त्यांना स्टँडवर गाडीत बसवायला गेले. जाताना बाबांनी शेंगांचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं, आणि मला ते परत करायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादांच्या वहीतली रेकॉर्ड केलेल्या माणसांची यादी आणि फोल्डर समोरासमोर ठेवून टिकमार्क करत गेले. एकोणीस माणसं नव्हती. ती गप्प बसवणारी ओळ काढली आणि त्यातलाच एक पत्ता रिकाम्या फाइलीने चालवून पाहिला. लगेच लाल अक्षरं आली, मार्ग सापडत नाही. वायर तपासली, पासवर्ड तपासला, परवानगी तपासली. मार्ग तर समोर दिसत होता. दादा मागे उभे राहून यादीवरून बोट फिरवत होते. बोट थांबलं. "जवळचे सगळे पोचलेत," ते म्हणाले. "हे एकोणीस बघ. हे सगळे लांबचे पाडे आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या कॉम्प्युटरला पत्ता किती लांब चालतो याला हद्द असते, दोनशे साठच्या आसपास अक्षरं. काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. लॅपटॉपवर दादांचा पत्ता त्या हद्दीत कसाबसा मावायचा. शेअर्ड फोल्डरमध्ये त्याच्या पुढे नानांची ती नावाची माळ लागायची आणि ज्यांचं घर सगळ्यात आडवाटेला, ज्यांचा पत्ता सगळ्यात लांब, तेवढेच बाहेर राहायचे. माझा प्रोग्राम त्यांना सोडून पुढे जायचा आणि मग लॅपटॉपवरून पुसून टाकायचा. लांबचे लोक बाजाराला क्वचित यायचे, म्हणून वर्षभर कुणाला कळलं नाही. पुसलेलं परत काढणारे प्रोग्राम मी लावून पाहिले, पण त्याच जागेवर दादांनी वर्षभर नवी माणसं भरली होती.

हे सगळं मी दादांना सांगितलं. त्यांनी यादीची वही मिटली. मग म्हणाले, "मी 'पोचलं का' विचारायचो, तेव्हा तू काय बघायचीस?"

"पडद्यावर 'काम पूर्ण' असं यायचं."

"ते कोण लिहायचं?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. नाना तेवढे "आते काय करानं?" असं दोनदा म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. दादा म्हणाले, "अठरा जण आहेत अजून. त्यांच्याकडे मी परत जाईन. भुरीबाय नाही. तिथे तू चल. शब्द माझा गेलाय, तो मी सांगीन. मशीनचं तू सांग."

मी गेले. घरी आईला खरं सांगितलं नाही, धडगावला मीटिंग आहे म्हटलं. गाडीरस्ता संपल्यावर चालणं. मी किती वेळा विचारलं असेल, अजून किती. दादा 'आलंच' असं कधी म्हणाले नाहीत. "दोन नाले आणि एक चढ," म्हणायचे, आणि तेवढंच असायचं. माझ्यासाठी ते हळू चालत होते, ते मला कळत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

खात्र्याबाबांच्या अंगणात दादा उकिडवे बसले आणि त्यांच्या बोलीत बोलले. मग माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगितलं, माझ्या चुकीमुळे आवाज गेला, आता तो येणार नाही. दादांनी माझं वाक्य बाबांना सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. बाबा खाली बघत राहिले. मला वाटलं, उठून जातील. थोड्या वेळाने ते काही बोलले आणि दादांनी घाईघाईने गोणी उघडून रेकॉर्डर काढला. मला हळूच म्हणाले, "बाबा म्हणतो, ती सांगत होती तेव्हा मी इथेच बसलो होतो. ती काय म्हणाली ते मला माहीत आहे. मी सांगतो."

आणि बाबांनी भुरीबायचं सांगणं सांगायला सुरुवात केली. दादा मला कानाशी थोडं थोडं सांगत होते. राख कुठल्या लाकडाची घ्यायची, भादली या भरडधान्याचं बी किती दिवस उन्हात, कणगीला शेण कसं लावायचं. मधेच बाबांनी बोट उचललं आणि आवाज चढवला. "इथे ती मला बोलली, म्हणतो," दादा म्हणाले. "हा म्हातारा बी भाजून खाऊन टाकतो, याच्यापासून लपवून ठेवावं लागतं, असं." स्वतः खाल्लेल्या शिव्या बाबांनी पूर्ण दिल्या, एकही गाळली नाही. एका ठिकाणी ते म्हणाले, इथे ती हसली. आणि थांबले. ती जेवढा वेळ हसली होती तेवढा वेळ थांबले, रेकॉर्डर चालू होता, कुणी हललं नाही. मग पुढे सुरू केलं.

परत आल्यावर मी प्रोग्राम दुरुस्त केला. लांब पत्ते जातील अशी वाट करून दिली आणि तिकडची फाईल उघडून, तपासून घेतल्याशिवाय इकडची पुसायची नाही असं केलं. पत्ते आखूड करायला दादा तयार नव्हते, मीही पुन्हा सुचवलं नाही. त्या फाइलीला नाव देताना मी विचारलं, खात्र्याबाबांचं टाकू का. "तिचंच टाक," दादा म्हणाले. "हा नुसता घेऊन आला." बाकीच्या अठरा घरी ते पावसाळ्याआधी जाऊन आले. काय बोलणी खाल्ली ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायला हवं होतं.

दोन वर्षांनी नाना आजारी पडले आणि संस्था बंद झाली. सगळ्या आवाजांची हार्ड डिस्क पुण्याच्या एका संस्थेकडे गेली, मी नाशिकला नोकरीला लागले. दादांना नंदुरबारला टेबलावरचं काम मिळत होतं. ते म्हणाले, खुर्ची आली की मी पडतो. मला वाटलं, नेहमीसारखी गंमत करतायत.

मागच्या दिवाळीनंतर मी गावाहूनच मावसबहिणीच्या लग्नाला सुरतला निघाले होते. नवापूरला बस चहाला थांबली. समोर एक ट्रक उभा होता, ऊसतोडीला गुजरातेत निघालेला, वर बायका, पोरं, पत्र्याच्या पेट्या, बांधलेल्या बकऱ्या. फाळक्याला हात टेकून वेस्तादादा उभे होते. केस पिकले होते. मी हाक मारली तसे उडी मारून खाली आले. "बरी आहेस ताई?" म्हणाले. मग म्हणाले, "खात्र्याबाबा गेला. त्याचा नातू आश्रमशाळेत शिकतो. आजीआजोबांचा आवाज कुठे आहे, विचारत होता. तो पुण्याला गेला तर त्याला ऐकवतील?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "माहीत नाही दादा. मी जाऊन बघते आणि सांगते."

त्यांनी नंबर दिला. मुकादमाने हाक मारली, ट्रक सुरू झाला. ते चढले, एका गाठोड्यावर बसले आणि शेजारच्या लहान मुलीला मांडीवर घेऊन मी कुठे उभी आहे ते तिला दाखवलं. रस्ता वळेपर्यंत ती मुलगी हात हलवत होती, आणि ते नुसते बघत होते.

सुरतहून परतल्यावर मी पुण्याला गेले. डिस्क एका कपाटात होती, वर दुसरी खोकी रचलेली. तिथल्या बाईंनी कुरकुर न करता काढून दिली. एकोणीसच्या एकोणीस आहेत, आपापल्या पूर्ण पत्त्यावर. भुरीबायची फाईल बेचाळीस मिनिटांची. मी ती शेवटपर्यंत ऐकली, त्या हसण्याच्या जागेसकट. नातवाला ऐकवाल का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, येऊ दे कधीही.

बाहेर येऊन पायरीवरच दादांना फोन लावला. गुजरातीत एक बाई म्हणाली, हा नंबर बंद आहे. तेव्हापासून लावतेच आहे. काठीच्या बाजूच्या दोन मास्तरांकडे निरोप ठेवलाय, त्यांनाही दादा भेटलेले नाहीत. सकाळी लावते, जेवणाच्या सुट्टीत लावते. तीच बाई, तेच वाक्य. दादा, सगळं आहे, मी स्वतः ऐकून आले, पोराला घेऊन कधीही या, एवढंच सांगायचं आहे.